भावाच्या मागे राहिलेले काम

(कार्तिक पौर्णिमेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कार्तिक पौर्णिमा. वैशाख पौर्णिमा कशाची, आषाढ पौर्णिमा कशाची, हे आपल्या विहारातील लहान मुलेसुद्धा घडाघडा सांगतात. कार्तिक पौर्णिमेचे तसे नाही. या पौर्णिमेला धम्मसेनापती सारिपुत्त यांचे परिनिर्वाण झाले, असे परंपरा मानते. कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'सारिपुत्तांचे जीवन व कार्य'. मी विनंती करून तो थोडा बदलून घेतला. सारिपुत्तांच्या प्रज्ञेविषयी भन्तेजींनी बोलावे, तो माझा अधिकार नव्हे. मी बोलणार आहे त्यांच्या धाकट्या भावाविषयी. आणि ओघाने माझ्या धाकट्या भावाविषयीही बोलावे लागेल. त्याला तुमच्यापैकी पुष्कळजण ओळखत होते.

सारिपुत्तांचे मूळ नाव उपतिस्स. मगध देशातील नालक गावची रूपसारी ही त्यांची आई, म्हणून सारिपुत्त. अट्ठकथांतून या घरातील सात भावंडांची नावे मिळतात. उपतिस्स, चुंद, उपसेन आणि रेवत हे भाऊ. चाला, उपचाला आणि सिसूपचाला या बहिणी. सातही जणांनी चीवर पांघरले. आईचे घर रिकामे झाले, ती रागावली असली तर नवल नाही. असो.

यातील चुंदाविषयी मला बोलायचे आहे. सुत्तांत त्याचा उल्लेख 'चुंद समणुद्देस' असा येतो. समणुद्देस म्हणजे श्रामणेर. पुढे त्याची उपसंपदा झाली, तो रीतसर भिक्खू झाला, तरी लोक त्याला श्रामणेर चुंदच म्हणत राहिले. आपल्या घरांतही हेच चालते. धाकटा भाऊ पन्नाशीला आला, त्याच्या मुलीचे लग्न झाले, तरी तो 'बाळू'च राहतो.

सारिपुत्त अखेरच्या आजारात नालक गावी होते, आणि त्यांची शुश्रूषा हा चुंद करीत होता. तेथेच सारिपुत्तांचे परिनिर्वाण झाले. संयुत्त निकायात याविषयी एक लहानसे सुत्त आहे. त्यात असे आहे, की चुंदाने भावाचे भिक्षापात्र आणि चीवर उचलले आणि तो श्रावस्तीला, जेतवनात निघाला. आजच्या नालंदेजवळून श्रावस्तीपर्यंत सरळ रेषेत मोजले तरी अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक भरते. तो पायी गेला. एका हाताशी भावाचे पात्र, खांद्यावर भावाचे चीवर. वाटेत कोणी विचारले असेल, तर त्याने काय सांगितले असेल?

जेतवनात तो आधी आनंदांकडे गेला. सारिपुत्तांचे परिनिर्वाण झाले, हे त्यांचे पात्र, हे चीवर, एवढेच तो म्हणाला. आनंद त्याला तथागतांकडे घेऊन गेले आणि त्यांनी स्वतःची अवस्था सांगितली, की शरीर जड झाले आहे, दिशा दिसत नाहीत, धम्माचेही काही सुचत नाही. तथागतांनी त्यांना फटकारले नाही. रडू नये, असा नुसता उपदेशही केला नाही. एक प्रश्न केला. सारिपुत्त जाताना तुझे शील घेऊन गेला का, समाधी घेऊन गेला का, प्रज्ञा घेऊन गेला का? आनंद म्हणाले, नाही. परंतु ते आम्हांला शिकवीत, उत्साह देत, शिकवताना कधी थकत नसत, त्याची आठवण येते. मग तथागतांनी मोठ्या वृक्षाची सर्वांत मोठी फांदी मोडून पडावी तशी ही घटना आहे असे सांगितले, आणि स्वतःच स्वतःचे बेट व्हावे, धम्माचा आसरा घ्यावा, असा उपदेश केला. (पालीतील 'दीप' शब्दाचा अर्थ दिवा असाही होतो आणि बेट असाही. आपण दिवा घेतो. पुरात सापडलेल्या माणसाला मात्र बेट अधिक जवळचे वाटेल.)

हे सुत्त आपण अनेकदा ऐकले असेल. माझे एक निरीक्षण आहे, ते मी नम्रपणे मांडतो. या सबंध सुत्तात आनंदांचे दुःख आहे, त्याला तथागतांचे उत्तर आहे. ज्याचा सख्खा भाऊ गेला, ज्याने त्याची सेवा केली आणि जो इतक्या दूरवर चालत आला, त्या चुंदाला 'तुझे कसे आहे?' असे विचारल्याची नोंद नाही. तो निरोप देतो, वस्तू पुढे ठेवतो आणि बाजूला उभा राहतो.

बंधुभगिनींनो, बारा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ वारला, तेव्हा मी असाच बाजूला उभा होतो.

तो कारखान्यात फिटर होता. दुसऱ्या पाळीत छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपले. वय चव्वेचाळीस. लोक मोठ्या संख्येने आले, सर्वांनी धीर दिला, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. परंतु जो येई तो मला विचारी, "आई कशा आहेत?" "बायको काय म्हणते?" "मुलं लहान आहेत हो!" हे विचारणे योग्यच होते. मला एवढेच सांगत, "तुम्ही आता खंबीर राहिलं पाहिजे." लाकडे किती लागतील, मृत्यूचा दाखला कोण आणणार, जलदान विधीला कोणाला कळवायचे, सतरंज्या किती, हे सर्व मी पाहिले. आमची बहीण परगावी दिलेली. ती आली तेव्हा कोणीतरी तिला पाहुणी समजून चहाचा कप हाती दिला. भाऊ गेलेल्या बाईला आपल्या माहेरी चहा! ती तो कप घेऊन ओट्याशी कितीतरी वेळ उभी होती.

नवरा गेला तर विधवा, आईबाप गेले तर पोरके. भावंड गेलेल्याला मराठीत नाव नाही. नाव नाही म्हणून दुःख नाही, असे मात्र नव्हे. आईबापांनंतर आपले लहानपण पाहिलेले माणूस म्हणजे भावंड. गावच्या ओढ्यात मी बुडत होतो, हे आता सांगणारा कोणी नाही. मी सांगितले तर ती नुसती गोष्ट होते.

त्या दिवसांत चार वेगवेगळ्या माणसांनी मला किसा गौतमीची कथा सांगितली. मोहरी, आणि मृत्यू न झालेले घर. ती थोर कथा आहे. पण चौथ्या वेळी मला राग आला, हे खरे सांगतो. सर्वांच्याच घरी मृत्यू होतो, हे मला ठाऊक होते. माझ्या घरी काय झाले, ते मला सांगायचे होते.

आणि झाले होते ते असे. भाऊ गेला तेव्हा आम्ही पाच महिने एकमेकांशी बोलत नव्हतो. वडिलांनी गावचे घर दोघांच्या नावे केले होते. त्याला कर्ज फेडण्यासाठी आपला हिस्सा मोकळा करून हवा होता. मी म्हटले, बापाचे घर विकायचे नाही. तो म्हणाला, तुला मास्तरकीचा पगार आहे, तुला काय कळणार. मी म्हटले ते येथे सांगण्यासारखे नाही. समोरासमोर आलो तरी मी मान वळवून जात असे.

अशा माणसाने काय करावे? आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे असते तर पिंड ठेवला असता, कावळा शिवला असता, आणि मनाची समजूत पटली असती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती पाळली, आणि योग्य केले. अजर अमर आत्मा आपण मानत नाही. तेव्हा क्षमा मागायची तर कोणाकडे, हा प्रश्न बौद्ध माणसापुढे अधिक कठीण होऊन उभा राहतो. त्यातून पळवाट नाही.

मी भावजयीला सांगितले. पंधरा दिवसांनी तिच्यासमोर बसून सर्व बोललो, चुकलो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, आता हे मला सांगून काय होणार? हिश्श्याचा कागद तेवढा करून द्या."

मला ते त्या क्षणी फार लागले. घरी येऊन मी जेवलो नाही. पण रात्री विचार करता लक्षात आले, की सगळ्या सांत्वन करणाऱ्यांत मला उपयोगी पडेल असे तीच बोलली होती. माझी चूक शब्दांची होती त्याहून अधिक कागदाची होती. दुसऱ्या महिन्यात वाटणीपत्र झाले. येथे सभासदांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्या वस्तीत यावरून घरे फुटलेली मी पाहिली आहेत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, आणि ते हयात असताना भावाचा वारसहक्क येत नाही. मोठा भाऊ 'सगळं मी बघतो' म्हणून कागद आपल्याकडे ठेवतो, तेथे बहुधा दुखणे सुरू होते. मीही तोच मोठा भाऊ होतो.

भावाच्या कारखान्यातून त्याच्या वस्तू आणायला मीच गेलो होतो. जेवणाचा डबा, चष्मा, रेक्झिनची एक पिशवी. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून मी चालत घरी आलो, सायकलवर बसवेना. चुंदाची गोष्ट मी तोवर वाचलेली होती, पण ती त्या रस्त्यावर मला प्रथम कळली.

पिशवीत एक वही निघाली. तुमच्यापैकी जे तेव्हा अभ्यासिकेत होते, त्यांना ती आठवेल. विहारामागच्या खोलीत तो आठवड्यातून चार दिवस दहावीच्या मुलांना गणित शिकवीत असे. वहीत हजेरी होती, आणि मागच्या पानांवर परीक्षेच्या फीचा हिशेब. कोणाला किती दिले, कोणी किती परत केले. चार नावांपुढे नुसती रेघ होती, रक्कम नव्हती. मी शाळामास्तर, मला रेघेचा अर्थ कळला. फॉर्म भरण्याची मुदत संपायला आठ दिवस होते.

त्या चार घरी मी गेलो. भाऊ गेल्यानंतर स्वतःहून केलेले माझे ते पहिले काम. त्यात काही थोर हेतू नव्हता. घरात बसवत नव्हते, आणि तारीख जवळ आली होती. पण त्या आठ दिवसांत मला झोप लागू लागली.

याच्या पुढची चूकही सांगतो. मला वाटले, आता भावाचा वर्ग आपणच चालवायचा. मी मराठीचा शिक्षक. त्रिकोणमिती पुन्हा शिकलो, रात्री जागून गणिते सोडविली आणि फळ्यापुढे उभा राहिलो. दोन महिने वर्ग चालला आणि मुले कमी होत गेली. शेवटी एका मुलाने सांगितले, "सर, काका असं शिकवत नव्हते." त्याने उद्धटपणाने म्हटले नव्हते. मी त्या दिवशी खडू खाली ठेवला. संस्थेने एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला विचारले, त्याने वर्ग उत्तम चालवला. मी फीची वही ठेवली. निबंध तपासतो. तेवढे मला येते.

विद्यार्थी मित्रहो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या घरात तरुण मुलगा जातो, त्या घरातील राहिलेल्या मुलाला किंवा मुलीला लोक सहज म्हणतात, "आता तूच त्याचं स्वप्न पूर्ण कर." मायेने म्हणतात. पण त्या पोराच्या पाठीवर दोन आयुष्यांचे ओझे ठेवतात. आपल्या अभ्यासिकेतल्या एका मुलीचा मोठा भाऊ गेला. त्याला फौजदार व्हायचे होते. ती हिशेबात हुशार, पण घरच्यांच्या शब्दाखातर पहाटे मैदानावर धावू लागली. तिला विचारले तर म्हणे, "नाही म्हटलं तर आईला वाटेल मी त्याला विसरले." मी तिच्या आईवडिलांना भेटलो. काय बोललो ते सांगत नाही, कारण ते ऐकतील याची मला खात्री नव्हती. एवढेच सांगतो, की ती आता कॉमर्सला आहे.

तथागतांनी आनंदांना विचारलेल्या प्रश्नाचा मला लागलेला अर्थ असा. भाऊ तुझे शील, तुझी समाधी घेऊन गेला का, असे विचारले. तू आता सारिपुत्त हो, असे म्हटले नाही. सारिपुत्तांची जागा भरण्याची आज्ञा कोणालाही झाली नाही. उलट पुढच्याच सुत्तात, गंगेच्या काठी उक्कचेल येथे, सारिपुत्त आणि मोग्गल्लान दोघेही गेल्यानंतर, तथागत शांत बसलेल्या भिक्खुसंघाकडे पाहतात आणि ही सभा मला रिकामी वाटते, असे म्हणतात. शोकाच्या पार गेलेल्या माणसाने रिकामी जागा रिकामी आहे असे म्हटले, तर आपण ती भरली म्हणून कशाला सांगावे?

आता माताभगिनींसाठी एक गोष्ट. महामायेचा मृत्यू सिद्धार्थ सात दिवसांचा असताना झाला, हे आपण सर्व जाणतो. आई गेलेले बाळ आपल्याला दिसते. त्या घरात आणखी एकीचे माणूस गेले होते, ते दिसत नाही. महाप्रजापती गौतमी ही महामायेची सख्खी बहीण. तिची बहीण गेली होती. आपली म्हणही 'माय मरो पण मावशी जगो' अशी, म्हणजे तीही लेकराच्याच बाजूने बोलते. मावशीच्या मनात काय चालले असेल, हे म्हणीलाही सुचले नाही. परंपरा सांगते, की आपला मुलगा नंद तिने दाईकडे दिला आणि बहिणीच्या मुलाला स्वतःच्या अंगावर पाजले. पुढे शुद्धोदनानंतर हीच गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन वैशालीपर्यंत पायी गेली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, अशी ती दाराबाहेर उभी राहिली आणि आनंदांच्या रदबदलीने तिने स्त्रियांसाठी संघाचे दार उघडून घेतले. बहिणीच्या मृत्यूने तिला हे करायला लावले, असे मी म्हणणार नाही. ग्रंथात तसे नाही. पण एका बहिणीच्या मागे राहिलेले काम हातात घेतलेली ही बाई होती.

आणि बाबासाहेब? सुभेदार रामजींच्या चौदा अपत्यांपैकी पाचच मोठी झाली. बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. म्हणजे भावंडांचे मरण हे त्या घराला नवे नव्हते. आनंदराव गेल्यावर त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद बाबासाहेबांच्याच कुटुंबात राहिले. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत माता रमाईंनी हा संसार कसा चालविला, ते आपण वाचलेले आहे. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचले होते. त्यांनी मित्राला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये, अमरावतीची अस्पृश्य परिषद झाली त्याच सुमारास, वडील बंधू बाळाराम गेले. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेब महाडला होते. मनुस्मृतीचे दहन झाले तो हा दिवस. आपण महाडचा इतिहास दरवर्षी सांगतो, पण मंडपात उभ्या असलेल्या त्या माणसाचा थोरला भाऊ जाऊन दीड महिनाही झाला नव्हता, हे आपल्या भाषणांत कधी येत नाही. मीही ते पूर्वी कधी सांगितले नव्हते.

आपल्यापैकी काहीजण सांचीला जाऊन आले आहेत. तेथील तिसऱ्या स्तूपात १८५१ साली कनिंगहॅमला सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी सापडल्या. त्या इंग्लंडला गेल्या आणि परत येऊन १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या. दरवर्षी नोव्हेंबरअखेर त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. मी भावजयीला आणि पुतण्यांना घेऊन एकदा गेलो होतो. रांग मोठी होती. धाकट्या पुतण्याने विचारले, "हे दोघे भाऊ होते का?" मी म्हटले, नाही, मित्र होते, सारिपुत्तांचा भाऊ वेगळा. "मग तो कुठे आहे?" मी म्हटले, तो त्यांचे सामान घेऊन आला होता.

असो, वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. संस्थेला माझी एकच सूचना आहे. आपल्या वस्तीत मृत्यू झाला, की आपले दोन कार्यकर्ते त्या घरी जातात, आईबापांना, पत्नीला भेटतात. यापुढे त्यांनी त्या घरातला भाऊ, ती बहीण कोठे उभी आहे, तेही पाहावे. बहुधा सतरंज्या मोजत असेल. त्याच्याकडून सतरंज्या काढून घेऊ नका, त्याला त्या हव्या असतात. फक्त त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा आणि गेलेल्याचे लहानपणीचे काही विचारा.

ती वही अजून माझ्याकडे आहे. मूळची पाने संपली, मागे दोन वह्या शिवून जोडल्या आहेत. यंदा सहा नावांपुढे रेघ आहे. ज्यांच्या फीचे राहिले असेल, त्यांनी संकोच न करता कार्यक्रम संपल्यावर मला दाराशी भेटावे. मी चपला ठेवतो त्या बाजूला उभा असेन.

जयभीम. नमो बुद्धाय.